वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर अन्नाचे शोषण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबई परिसरात बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याची, शस्त्रक्रिया आता नवलाईची राहिलेली नाही. नौपाड्यापासून खारघरपर्यंत नात्यागोत्यात, इमारतीत किंवा ऑफिसात अशी शस्त्रक्रिया झालेले कोणी ना कोणी भेटतेच, आणि त्यामुळे अनुभवांबरोबर गैरसमजही तितक्याच वेगाने पसरतात. शस्त्रक्रियेनंतर आहारसल्ल्यासाठी येणारे रुग्ण आणि त्यांच्या घरची मंडळी पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न येथे घेतले आहेत. खाली दिलेली प्रमाणे सर्वसाधारण आहेत. तुमच्या रक्तचाचण्या पाहून तुमच्या डॉक्टरांनी जे प्रमाण लिहून दिले असेल, तेच तुमच्यापुरते खरे मानावे.

शस्त्रक्रियेनंतर खाल्लेले अंगी लागतच नाही, म्हणून वजन उतरते, हे खरे आहे का?

बहुतांशी खरे नाही, आणि या एका समजुतीने जितके नुकसान होते तितके दुसऱ्या कशानेही होत नाही. कॅलरी शोषण्याची शरीराची क्षमता इतकी मोठी असते की, आतड्याचा काही भाग वगळला तरी उरलेले आतडे ते काम जवळजवळ पूर्ण करते. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गॅस्ट्रिक बायपास (जठर लहान करून अन्नाची वाट आतड्यात पुढे वळवणारी शस्त्रक्रिया) झालेल्या मोजक्या रुग्णांनी काय खाल्ले आणि मलावाटे काय बाहेर पडले, या दोन्हींचे काटेकोर मोजमाप करण्यात आले. शरीरात पोहोचणाऱ्या ऊर्जेत जी एकूण घट झाली, तिच्यापैकी पाचव्या महिन्यात सुमारे ६ टक्के आणि चौदाव्या महिन्यात सुमारे ११ टक्के एवढाच वाटा शोषण कमी झाल्याचा होता. बाकीची सगळी घट माणूस कमी खाऊ लागल्यामुळे झालेली होती. स्निग्ध पदार्थांचे शोषण मात्र स्पष्टपणे कमी झाले होते. आधी सुमारे ९२ टक्के असलेले प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास आले होते. प्रथिने आणि पिष्टमय पदार्थ यांच्या शोषणात म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता.

याचा व्यवहारातला अर्थ असा की, बायपासनंतरही श्रीखंड, बर्फी, शेव आणि गोड चहा यांच्या कॅलरी अंगी लागतातच. अंगी लागण्याची खात्री नसते ती लोह, बी१२, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांची. रुग्णाला जे शोषले जाऊ नये असे वाटत असते ते शोषले जाते, आणि जे शोषले जायला हवे तेच निसटते. पुढची बहुतेक उत्तरे या उफराट्या हिशेबाभोवतीच फिरतात.

मग वजन नेमके कशाने उतरते?

जठर लहान झाल्यामुळे घास कमी जातात, हे कारण सर्वांना माहीत असते. पण केवळ तेवढ्याने माणूस वर्षभर उपाशी राहू शकला नसता. खरे काम भुकेच्या संप्रेरकांत होणारा बदल करतो. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा वरचा फुगीर भाग काढून टाकला जातो, आणि घ्रेलिन हे भूक चाळवणारे संप्रेरक मुख्यतः तेथेच तयार होते. दुसरीकडे, अन्न लहान आतड्याच्या पुढच्या भागात लवकर पोहोचू लागल्यामुळे जीएलपी-१ आणि पीवायवाय ही तृप्तीची जाणीव देणारी संप्रेरके जेवणानंतर पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात स्रवतात. मधुमेहाच्या रुग्णांची साखर वजन फारसे उतरण्यापूर्वीच, पहिल्या काही दिवसांत, खाली येऊ लागते त्यामागे कमी खाण्याबरोबर हाही बदल असतो. म्हणूनच इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्यांची मात्रा शस्त्रक्रियेनंतर लगेच बदलून घ्यावी लागते. जुनीच मात्रा चालू ठेवल्यास साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.

स्लीव्ह, बायपास आणि मिनी बायपास यांत शोषणाच्या दृष्टीने काय फरक आहे?

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढला जातो आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. आतड्याला हात लावलेला नसतो. त्यामुळे कॅलरींचे शोषण जवळपास पूर्वीसारखेच राहते. तरीही जठरातील आम्ल आणि बी१२च्या शोषणासाठी लागणारा घटक कमी झाल्यामुळे लोह आणि बी१२ यांची कमतरता स्लीव्हनंतरही होते. ‘माझी फक्त स्लीव्ह झाली आहे, मला गोळ्या कशाला?’ असे म्हणणारे बरेच भेटतात आणि दोन-तीन वर्षांनी हिमोग्लोबिन ८ घेऊन परत येतात.

रू-एन-वाय गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची छोटी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अन्न उरलेल्या जठरातून आणि आद्यांत्रातून, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागातून, जातच नाही. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस वेगळ्या वाटेने येतो आणि अन्नाने साधारण एक ते दीड मीटर अंतर कापून झाल्यावर त्याला भेटतो. लहान आतडे सरासरी सहा मीटरच्या आसपास असते, म्हणजे ही भेट झाल्यावरही पचनासाठी बराच लांब पल्ला शिल्लक राहतो, आणि कॅलरी वाया जात नाहीत त्या त्यामुळेच.

मिनी बायपास, म्हणजे एकाच जोडाचा बायपास, यात जठराची नळी लांब ठेवतात आणि साधारण दीड ते दोन मीटर आतडे वगळून जोड देतात. वगळलेला भाग जितका लांब, तितके स्निग्ध पदार्थ, स्निग्धात विरघळणारी जीवनसत्त्वे आणि प्रथिने यांचे शोषण कमी होते. म्हणून आपल्या शस्त्रक्रियेत नेमके किती सेंटिमीटर आतडे वगळले आहे, हे प्रत्येक रुग्णाला माहीत असायला हवे. डिस्चार्जच्या कागदांत ते लिहिलेले असते. नसेल तर मागून घ्यावे. पुढे कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तरी तो आकडा उपयोगी पडतो. ड्युओडिनल स्विच या शस्त्रक्रियेत पित्त आणि अन्न एकत्र असलेला पल्ला जेमतेम एक मीटरच्या आसपास उरतो. तेथे मात्र अपशोषण, म्हणजे शोषणातली घट, खरोखरीच मोठे असते आणि गोळ्यांची मात्राही त्या हिशेबाने वाढते.

शोषणच बंद करणारी शस्त्रक्रिया का करत नाहीत? म्हणजे पथ्याची कटकटच मिटेल.

ती करून झाली आहे. १९५०च्या दशकापासून पाश्चात्त्य देशांत जेजुनो-इलिअल बायपास केला जात असे. त्यात अन्नाच्या वाटेवर जेमतेम अर्धा मीटर लहान आतडे ठेवले जाई. वजन झपाट्याने उतरे; पण त्याबरोबर सततचे जुलाब, मूतखडे, हाडांची झीज, कुपोषण आणि काही रुग्णांत यकृत निकामी होणे, असे दुष्परिणाम दिसू लागले. पुढे ही शस्त्रक्रिया सोडून देण्यात आली आणि अनेकांचे आतडे पुन्हा जोडावे लागले. आजच्या शस्त्रक्रिया आतडे शक्य तितके कामात ठेवतात ते त्या अनुभवानंतर.

कॅलरी शोषल्या जातात, तर मग लोह, कॅल्शियम आणि बी१२ का शोषले जात नाहीत?

कारण कॅलरी आतड्याच्या जवळजवळ संपूर्ण लांबीत शोषता येतात, तर या प्रत्येक घटकाची जागा आणि अट ठरलेली असते.

लोहाचे पाहू. डाळी, पालेभाज्या आणि धान्यांतील लोह ज्या रूपात असते ते तसेच्या तसे शोषता येत नाही. जठरातील आम्लाने त्याचे रूप बदलावे लागते आणि मग मुख्यतः आद्यांत्रात ते शोषले जाते. बायपासनंतर आम्ल नाममात्र उरते आणि आद्यांत्र तर वाटेतच येत नाही. म्हणजे दोन्ही अटी एकदमच मोडतात. पाळी येणाऱ्या स्त्रियांमध्ये दर महिन्याला लोह बाहेर जात असते, आणि आपल्याकडे अनेकींच्या शरीरातला साठा शस्त्रक्रियेपूर्वीच तळाला गेलेला असतो, त्यामुळे ही कमतरता त्यांच्यात सर्वांत आधी आणि सर्वांत तीव्र दिसते. स्लीव्ह आणि बायपास झालेल्यांना तसेच पाळी येणाऱ्या स्त्रियांना साधारणपणे रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम लोह देण्याची शिफारस आहे.

कॅल्शियमही प्रामुख्याने आद्यांत्रात आणि त्यापुढच्या थोड्या भागात शोषले जाते, आणि त्यासाठी ड जीवनसत्त्व लागते. रक्तातील कॅल्शियमची पातळी मात्र शरीर काहीही करून राखते. अन्नातून मिळाले नाही तर हाडांतून काढते. त्यामुळे रक्तातले कॅल्शियम ‘नॉर्मल’ आले म्हणून निर्धास्त होऊ नये. पॅराथायरॉइड या हाडांतून कॅल्शियम काढायला लावणाऱ्या संप्रेरकाची चाचणी वाढलेली आली, तर हाडांवर भार पडतो आहे असे समजावे.

बी१२ची गोष्ट आणखी निराळी. ते अन्नातील प्रथिनांपासून सुटे व्हायला आम्ल लागते, नंतर जठराच्या पेशींनी तयार केलेल्या एका प्रथिनाशी त्याची जोडी जमावी लागते, आणि ही जोडी लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला शोषली जाते. ते टोक शस्त्रक्रियेनंतरही शाबूत असते, पण जोडी जमण्याची सोय राहिलेली नसते. सुदैवाने, या वाटेखेरीज मोठ्या मात्रेपैकी सुमारे एक टक्का बी१२ आतड्यातून आपोआप झिरपते. शरीराची रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची असल्यामुळे १००० मायक्रोग्रॅमची गोळी घेतल्यास ती भागते. गोळीवरचा आकडा पाहून ‘एवढा मोठा डोस?’ असे वाटते, त्याचे उत्तर या एक टक्क्यात आहे. रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम गोळीने, किंवा दरमहा १००० मायक्रोग्रॅम इंजेक्शनने, असे दोन्ही पर्याय आहेत. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी आम्लरोधक गोळ्या चालू असतील, तर कमतरतेची शक्यता आणखी वाढते.

यकृतात बी१२चा काही वर्षे पुरेल इतका साठा असल्याने पहिले वर्ष-दोन वर्षे सगळे ठीक वाटते. जन्मापासून शाकाहारी असलेल्यांचा साठा मुळातच तोकडा असतो, त्यामुळे त्यांनी या सवलतीवर विसंबू नये. पायांत मुंग्या येणे, तोल जाणे किंवा विसराळूपणा वाढणे ही लक्षणे वयावर ढकलू नयेत.

मेडिकलमधून कॅल्शियमची गोळी आणताना काय पाहावे?

स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरे वाचावीत. तेथे ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम’ असे लिहिलेले असेल, तर त्यातले प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम असते. ‘कॅल्शियम सायट्रेट १००० मिलिग्रॅम’ असे असेल, तर त्यातले प्रत्यक्ष कॅल्शियम सुमारे २१० मिलिग्रॅमच असते. आकडा मोठा दिसतो तो पूर्ण क्षाराचा. तुम्हाला मोजायचे असते ते नुसत्या कॅल्शियमचे वजन.

कार्बोनेट स्वस्त असते, पण ते विरघळायला आम्ल लागते, म्हणून ते जेवणाबरोबरच घ्यावे लागते आणि तरीही बायपासनंतर त्याचा भरवसा कमी. सायट्रेटला आम्लाची गरज नसते, ते उपाशीपोटीही चालते. अन्न आणि गोळ्या मिळून दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जावे, असे ठरवावे. एका वेळी ५०० ते ६००च्या वर शोषले जात नाही, म्हणून दिवसभराची मात्रा एकदम घेण्यात अर्थ नाही.

नाचणीचा आग्रह आपल्या घरांत फार असतो आणि तो चुकीचा नाही. शंभर ग्रॅम नाचणीच्या पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. परंतु शस्त्रक्रियेनंतर अर्धी भाकरी जाते, म्हणजे वीस-पंचवीस ग्रॅम पीठ, आणि त्यातलेही काही कॅल्शियम धान्यातील फायटेट नावाचा घटक धरून ठेवतो. नाचणी जरूर खावी. ती गोळीच्या जागी मोजू नये.

दिवसभरात एवढ्या गोळ्या कशा बसवायच्या? सकाळी साडेसातला घर सोडावे लागते.

लोह आणि कॅल्शियम एकमेकांच्या शोषणात अडथळा आणतात. त्यांच्यात किमान दोन तासांचे अंतर हवे. चहा-कॉफीतील टॅनिन लोहाला अडवते, त्यामुळे चहाच्या कपाबरोबर लोहाची गोळी गिळणे म्हणजे ती वाया घालवणे होय. थायरॉइडची गोळी घेत असाल, तर ती आणि लोह किंवा कॅल्शियम यांच्यात चार तास जाऊ द्यावेत.

घोडबंदर रस्त्यावरून ठाणे स्टेशन गाठून ट्रान्स-हार्बरने वाशी किंवा बेलापूरला कामाला जाणाऱ्यांसाठी एक वेळापत्रक बहुधा जमते. उठल्यावर थायरॉइडची गोळी. ऑफिसात दुपारच्या जेवणाबरोबर मल्टिव्हिटॅमिन आणि कॅल्शियमचा पहिला भाग. संध्याकाळी घरी आल्यावर कॅल्शियमचा दुसरा भाग. रात्री झोपताना लोह, शक्य असल्यास लिंबूपाण्यासोबत, कारण क जीवनसत्त्वाने लोहाचे शोषण सुधारते. सकाळी घाईत सगळ्या गोळ्या मुठीत घेऊन एकदम गिळण्यापेक्षा हे कटकटीचे आहे यात शंका नाही. पण मूठभर गोळ्या एकदम गिळणाऱ्या रुग्णाचे फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी) सहा महिन्यांनी पाहिले, की ही कटकट का करायची ते कळते.

या गोळ्या किती दिवस घ्यायच्या?

आयुष्यभर. शरीररचनेतला बदल कायमचा आहे, म्हणून गोळ्याही कायमच्या. मात्रा कमी-जास्त होईल, बंद होणार नाही.

बीट, खजूर, गूळ, पालक खाऊन लोह भरून निघणार नाही का?

निघणार नाही. चमचाभर गुळातून एक मिलिग्रॅमही लोह मिळत नाही, आणि गूळ-खजुरातली साखर बायपासनंतर वेगळाच त्रास देते. पालकातले लोह फारसे शोषले जात नाही. मांसाहार करणाऱ्यांना मटण, कलेजी आणि मासळी यांतले लोह अधिक चांगले मिळते, कारण त्या रूपातल्या लोहाला आम्लाची तितकी गरज नसते. तरीही गोळी सुटत नाही. गोळीनेही फेरिटिन वर येत नसेल, तर शिरेतून लोह देण्याचा मार्ग आहे. आईने सांगितलेले खजुराचे दूध चार महिने पीत बसण्यापेक्षा तो वेळेवर स्वीकारलेला बरा.

प्रथिने किती लागतात, आणि शाकाहारी माणसाने ती आणायची कोठून?

दिवसाला किमान ६० ग्रॅम, बहुतेकांना ६० ते ८० ग्रॅम. प्रथिने शोषली जातात, अडचण शोषणाची नसून जागेची असते. मूठभर जठरात वरण-भात-भाजी-पोळी असे पूर्ण ताट बसवायला गेलात, तर प्रथिनांची पाळी येण्याआधीच पोट भरते. म्हणून ताटातला क्रम बदलावा : आधी प्रथिने, मग भाजी, आणि जागा उरली तर भात किंवा पोळी.

आपल्या घरांत वरण म्हणजे प्रथिने असे समीकरण आहे, ते जरा तपासून पाहावे. एक वाटी पातळ वरणात पंधरा-वीस ग्रॅम तूरडाळ असते, म्हणजे तीन-चार ग्रॅम प्रथिने. साठ ग्रॅमसाठी पंधरा वाट्या वरण कोण पिणार? त्यापेक्षा असा दिवस आखता येतो : सकाळी तीस ग्रॅम मुगाच्या पिठाचे धिरडे, सुमारे सात ग्रॅम, मधल्या वेळेला पन्नास ग्रॅम पनीर, नऊ ग्रॅम, दुपारी वीस ग्रॅम कोरड्या सोया चंक्सची भाजी, दहा ग्रॅम, सोबत अर्धी वाटी घट्ट दही, तीन ग्रॅम, संध्याकाळी पेलाभर दूध, सहा-सात ग्रॅम, आणि एक मोजमाप व्हे प्रोटीन (दुधाच्या निवळीतल्या प्रथिनांची पावडर), साधारण बावीस ग्रॅम. बेरीज साठच्या जवळ जाते. व्हे पावडरीला नाक मुरडणारे पुष्कळ असतात. निदान पहिले वर्षभर तरी तिच्याशिवाय शाकाहारी आहारात हा आकडा गाठणे फार अवघड जाते.

अंडे चालत असेल तर प्रत्येकी सहा ग्रॅम मोजावेत. चेंदणी कोळीवाड्यापासून दिवाळे गावापर्यंत ज्यांच्या घरी मासळी रोजची आहे, त्यांचे काम सोपे आहे : शंभर ग्रॅम बांगड्याच्या मांसात सुमारे वीस ग्रॅम प्रथिने असतात. तळण्याऐवजी कालवण किंवा तव्यावर थोड्या तेलात केलेला बांगडा पोटाला मानवतो.

दूध पचेनासे झाल्याची तक्रार बायपासनंतर वारंवार येते. दुधातील साखर पचवणारे विकर अपुरे पडते. दही आणि ताक बहुतेकांना चालते.

एकादशी, चतुर्थीचे उपवास करता येतील का?

पहिले वर्षभर करू नयेत. साबुदाण्याच्या खिचडीत पिष्ट आणि तेल भरपूर, प्रथिने नाममात्र. मर्यादित जागा ती अडवून बसते. पुढे करायचाच असेल तर दही, दूध, पनीर आणि थोडे दाणे यांवर दिवस काढावा, आणि गोळ्या त्या दिवशीही घ्याव्यात.

गणपतीत एक उकडीचा मोदक खाल्ला आणि घाम फुटून धडधडू लागले. असे का झाले?

बायपासनंतर, आणि काही वेळा स्लीव्हनंतरही, गोड पदार्थ जठरात न रेंगाळता थेट लहान आतड्यात उतरतो. तेथे दाट साखरेचा लोट आल्यामुळे रक्तातील पाणी आतड्याकडे खेचले जाते. पोटात मुरडा येतो, धडधडते, घाम येतो, आडवे व्हावेसे वाटते. हे साधारण अर्ध्या-एक तासाच्या आत होते आणि याला डम्पिंग म्हणतात. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी दिसतो : साखर इतक्या वेगाने शोषली जाते की इन्सुलिन भरमसाट स्रवते आणि मग रक्तातील साखर खाली घसरते. हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. गाडी चालवताना असे झाले तर प्रसंग बाका होऊ शकतो. असे वारंवार होत असल्यास त्या वेळी ग्लुकोमीटरने साखर मोजून आकडा लिहून ठेवावा आणि डॉक्टरांना दाखवावा.

मोदकाच्या सारणात गूळ असला तरी शरीराच्या दृष्टीने ती साखरच. नैवेद्याचा घास जेवणाच्या शेवटी, प्रथिने पोटात गेल्यावर घेतला तर त्रास कमी होतो. पाणी जेवताना न पिता अर्ध्या तासाने प्यावे.

मद्य चालेल का?

पहिले वर्षभर अजिबात नाही. बायपास आणि स्लीव्हनंतर मद्य रक्तात लवकर आणि अधिक तीव्रतेने चढते, आणि व्यसनाचा धोका बायपासनंतर वाढल्याचे दिसून आले आहे. ‘पूर्वी एवढ्याने काही होत नसे’ हा हिशेब आता लागू पडत नाही.

सतत उलट्या होत आहेत. घरचे म्हणतात, सुरुवातीला होतेच असे. थांबून पाहावे का?

थांबू नये. दोन-तीन दिवसांहून अधिक काळ उलट्या होत असतील, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. बी१ म्हणजे थायमिन या जीवनसत्त्वाचा शरीरातला साठा अवघ्या दोन-तीन आठवड्यांचा असतो. खाणे मुळातच कमी, त्यात उलट्या, म्हणजे तो झपाट्याने संपतो. मग नजर दुहेरी होणे, बुबुळे थरथरणे, चालताना तोल जाणे, गोंधळल्यासारखे वागणे ही लक्षणे दिसू लागतात, आणि उपचाराला उशीर झाला तर स्मरणशक्तीची हानी कायमची राहू शकते.

घरच्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. अशक्तपणा म्हणून जवळच्या दवाखान्यात नेल्यास तेथे ग्लुकोजची सलाइन लावली जाण्याची शक्यता असते. थायमिन संपलेल्या शरीरात नुसते ग्लुकोज गेल्यास उरलेसुरले थायमिनही खर्ची पडते आणि मेंदूला इजा होऊ शकते. ‘बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया झाली आहे, उलट्या चालू आहेत, आधी थायमिन द्या’ हे वाक्य तेथील डॉक्टरांना स्पष्टपणे सांगावे. फाइल सोबत न्यावी.

केस मूठमूठ गळतात. कमतरतेमुळेच का?

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळणारे केस बहुधा शस्त्रक्रियेच्या आणि झपाट्याने उतरलेल्या वजनाच्या ताणामुळे गळतात, आणि पुढे परत येतात. सहा महिन्यांनंतरही गळती थांबली नाही, किंवा उशिरा सुरू झाली, तर प्रथिने, फेरिटिन आणि झिंक तपासावे. झिंकच्या गोळ्या स्वतःहून मोठ्या मात्रेत सुरू करू नयेत. जास्त झिंकमुळे तांब्याचे शोषण अडते आणि त्यातून वेगळाच रक्तक्षय उद्भवतो.

शौचाला तेलकट, दुर्गंधीयुक्त होते. मूतखड्याशी याचा काही संबंध असतो का?

असतो. मलावर तेलाचा तवंग दिसणे, तो भांड्याला चिकटणे म्हणजे स्निग्ध पदार्थ न शोषता बाहेर पडत आहेत. स्लीव्हनंतर असे होण्याचे कारण नसते, झाल्यास ते शोधावे. बायपासनंतर तळणीचे जेवण झाल्यावर कधीमधी होऊ शकते. रोजच होत असेल, तर अ, ड, ई आणि के या स्निग्धात विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांची तपासणी करून घ्यावी. रात्री कमी दिसणे हे अ जीवनसत्त्व घटल्याचे लक्षण आहे.

मूतखड्याचा संबंध असा : एरवी अन्नातील कॅल्शियम ऑक्झलेट या मूतखडा बनवणाऱ्या घटकाला आतड्यातच धरून मलावाटे बाहेर नेते. न शोषलेली चरबी आतड्यात राहिली, की कॅल्शियम तिच्याशीच बांधले जाते आणि मोकळे राहिलेले ऑक्झलेट रक्तात जाऊन मूत्रपिंडात पोहोचते. त्यामुळे मूतखड्याच्या भीतीने कॅल्शियम बंद करणे हा उलटा उपाय ठरतो. तेल कमी करावे, कॅल्शियमचा काही भाग जेवणाबरोबर घ्यावा आणि दिवसाकाठी दोन-अडीच लिटर पाणी घोट घोट प्यावे. लोकलच्या गर्दीत किंवा घोडबंदरच्या कोंडीत अडकल्यावर स्वच्छतागृह कोठे शोधायचे, या धास्तीने अनेक जण, विशेषतः स्त्रिया, घरून निघाल्यापासून ऑफिसला पोहोचेपर्यंत पाणीच पीत नाहीत. ही अडचण खरी आहे आणि तिचे उत्तर आहारतज्ज्ञाकडे नाही. निदान ऑफिसात पोहोचल्यापासून बाटली टेबलावर समोर ठेवावी.

दोन वर्षांनी वजन पुन्हा वाढू लागले आहे. आतडे पुन्हा शोषू लागले का?

आतडे पहिल्यापासूनच शोषत होते. काळाबरोबर ते थोडे अधिक जुळवून घेते हे खरे, पण वाढत्या वजनाचे मुख्य कारण ते नसते. भुकेवरचा लगाम सैल होतो, एका बैठकीत जाणारे अन्न वाढते, आणि घटलेल्या वजनाच्या शरीराला ऊर्जाही कमी लागते. त्यात येता-जाता तोंडात टाकण्याची सवय लागली, की लहान जठराचा उपयोग राहत नाही : चहाबरोबर खारी, चिवड्याचा बकाणा, मुलांच्या ताटातला उरलेला पराठा. मऊ, कुरकुरीत आणि पातळ पदार्थ जठरात थांबत नाहीत, म्हणून पोट भरल्याची जाणीवही होत नाही. चार दिवस खाल्लेले सगळे, घासाघासाने, लिहून काढावे. शोषणाची शंका बहुधा त्या वहीतच मिटते.

शस्त्रक्रियेनंतर गरोदर राहण्याआधी किती थांबावे?

बारा ते अठरा महिने. वजन उतरताना पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता अचानक वाढते, म्हणून गर्भनिरोधनाचा विचार शस्त्रक्रियेपूर्वीच करावा. बायपासनंतर पोटात घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नये. फॉलिक ॲसिड, लोह आणि बी१२ यांची पातळी आधी पाहून घ्यावी. गरोदरपणात मधुमेहाच्या चाचणीसाठी ग्लुकोजचे पाणी पिण्यास सांगितले गेल्यास बायपासची माहिती द्यावी, कारण त्याने डम्पिंग होऊ शकते. त्याऐवजी काही दिवस घरी साखर मोजता येते.

बाकीची औषधे पूर्वीसारखीच लागू पडतात का?

सगळी नाही. हळूहळू विरघळणाऱ्या दीर्घ परिणामाच्या गोळ्या बायपासनंतर पुऱ्या विरघळण्याआधीच पुढे सरकू शकतात, तेव्हा त्या डॉक्टरांकडून साध्या स्वरूपात बदलून घ्याव्यात. अंगदुखीवरच्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या बायपासनंतर टाळाव्यात. जोडाच्या जागी अल्सर होतो. तंबाखूनेही तेच होते.

रक्ताच्या चाचण्या कोणत्या आणि कधी कराव्यात?

पहिल्या वर्षी तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, त्यानंतर दर वर्षी. हिमोग्राम, फेरिटिन, बी१२, फॉलिक ॲसिड, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, पॅराथायरॉइड संप्रेरक, अल्ब्युमिन, यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या, तसेच बायपास झालेल्यांत अ जीवनसत्त्व, झिंक आणि तांबे. नुसते हिमोग्लोबिन पुरेसे नाही. साठा संपत आला तरी ते बराच काळ ठीक दिसते, आणि फेरिटिन मात्र आधीच घसरलेले असते. उलट, ताप किंवा संसर्ग असताना फेरिटिन खोटे वाढलेले दिसते, म्हणून आजारपणात ही चाचणी करू नये. ठाण्यात आणि नवी मुंबईत बहुतेक लॅबचे लोक घरी येऊन रक्त घेतात, तेव्हा रजेची सबब चालणार नाही.

केस गळतात म्हणून बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या चालू असतील, तर रक्त देण्यापूर्वी किमान दोन दिवस त्या बंद ठेवाव्यात आणि लॅबला तसे सांगावे, कारण बायोटिनमुळे थायरॉइडसह काही चाचण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात.